ओरेगॅनोचं रोप जोमात, पण पानांना वासच नाही: नेमकं काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा: खिडकीतल्या कुंडीत ओरेगॅनो लावून चार महिने झाले. रोज पाणी आणि दर पंधरा दिवसांनी खत चालू आहे. रोप हिरवंगार आहे, हातभर लांब फांद्या सुटल्या आहेत, पण पानांना वास जेमतेम. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पिझ्झावर टाकून पाहिली तर गवत चघळल्यासारखी लागली. रोपच चुकीचं आलंय की निगेत चुकतंय? आणि पानं वाळवायची कशी, वापरायची किती?

तुमच्या वर्णनावरून मला दोन्हींची शंका येते, पण निगेची जास्त. रोज पाणी, पंधरवड्याला खत आणि खिडकीतलं अर्धवट ऊन हे लाड ओरेगॅनोला मानवत नाहीत. तरी आधी रोपाची ओळख पटवून घेऊ, कारण रोपच वेगळं असेल तर पुढचं सगळं फुकट.

शेंड्याजवळचं एक पान तोडा, दोन बोटांत नीट चुरगळा आणि नाकाशी धरा. खरा, स्वयंपाकाचा ओरेगॅनो असेल तर वास सरळ नाकात चढतो. उष्ण, तिखट आणि ओव्याची आठवण करून देणारा. मग त्याच पानाचा तुकडा पुढच्या दातांनी चावा. जिभेचं टोक क्षणभर चुरचुरलं किंवा किंचित बधिर झालं तर रोप चांगलं आहे. ही चुरचुर कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या दोन द्रव्यांची. दोघांत १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असे तेच अणू, फक्त एका गटाची जागा इकडची तिकडे. थायमॉल ओव्यातही भरपूर असतं, म्हणून ओव्याची आठवण येते. एरवी दोघांचं नातं काही नाही. ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला, ओरेगॅनो पुदिना-तुळशीच्या.

आता गोंधळाची जागा. ओरेगॅनोचं ओरिगॅनम वल्गेर हे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली दिलं, पण या एका नावाखाली बरीच मंडळी राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ इट्सवार्ट यांनी १९८० साली ओरिगॅनम या सगळ्या प्रजातीची नव्याने मांडणी केली, तेव्हा वल्गेर या एकाच जातीच्या सहा उपजाती धरल्या. स्वयंपाकवाल्यांना हवी असते ती हिर्टम, म्हणजे ग्रीक ओरेगॅनो. तिची पानं आणि देठ बारीक केसाळ, फुलं पांढरी आणि तेल भरपूर. उलट वल्गेर नावाचीच जी उपजात आहे, तिची फुलं गुलाबी-जांभळी, दिसायला फार देखणी आणि वासाला अगदी मवाळ. बियांच्या पाकिटावर नुसतं ‘ओरेगॅनो’ लिहिलेलं असेल तर आत यातलं काहीही असू शकतं. शिवाय बियांपासून आलेली रोपं एकासारखी एक नसतात. एकाच पाकिटातली दहा रोपं लावून मी दहांची पानं चुरगळून पाहिली आहेत. दोन फर्मास, पाच बरी आणि तीन नुसतीच हिरवी असा हिशेब निघाला.

तुमच्या रोपाची पानं जाड, मांसल, लवदार असतील आणि मोडताना कट्कन आवाज येत असेल तर तो पानओवा. त्यालाही काही ठिकाणी क्युबन ओरेगॅनो म्हणतात, पण तो वेगळ्याच प्रजातीचा. चवीला वाईट नाही, पण पिझ्झावर वेगळा लागतो. वास गोडसर आणि नाजूक असेल तर मरवा. तो ओरेगॅनोचा सख्खा चुलतभाऊ, ओरिगॅनम माजोराना. मेक्सिकन ओरेगॅनो तर पुदिन्याच्या कुळातलाही नाही, तो घाणेरीच्या कुळातला. तरीही त्यात कार्व्हाक्रॉल आहेच. थोडक्यात, ‘ओरेगॅनो’ हे एका झाडाचं नाव कमी आणि एका वासाचं नाव जास्त.

रोप खरं निघालं आणि तरीही वास मंद असेल, तर निगेकडे वळू.

एखादं भिंग हाताशी असेल तर पानाची खालची बाजू उजेडात धरून बघा. बारीक चकचकीत ठिपके दिसतील. याच तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. ही झाडं मूळची भूमध्य सागराच्या भोवतालच्या डोंगरउतारांवरची. खडकाळ, चुनखडीची, कोरडी जमीन आणि दिवसभर ऊन. ओरोस म्हणजे डोंगर आणि गानोस म्हणजे तेज किंवा आनंद, अशी या नावाची ग्रीक व्युत्पत्ती सांगतात. अशा ठिकाणी पान लहान राहतं, जाडसर राहतं आणि त्यात तेल दाटतं. तुम्ही नत्राचं खत आणि रोजचं पाणी दिलंत की पान मोठं, पातळ आणि पाणीदार होतं. तेल तेवढ्याच बेताचं, पसरलं मात्र दुप्पट पानात. ऊन कमी पडलं तर तेलही कमी बनतं. मग ते गवतासारखंच लागणार.

म्हणून पहिलं काम, खत बंद. कुंडी बदलताना जे थोडं कुजलेलं कंपोस्ट मातीत जाईल तेवढं त्याला वर्षभर पुरतं.

दुसरं काम पाण्याचं, आणि तुमची खालची पानं पिवळी पडताहेत म्हणजे ते तातडीचं. रोप कुंडीतून हलकेच उपसा. एक हात मातीवर पालथा, देठ बोटांच्या मधे, कुंडी उलटी करून काठ टेबलावर आपटा. मातीचा गड्डा अख्खा बाहेर येतो. मुळं पांढरी आणि कडक असतील तर वेळेवर बघितलंत. तपकिरी, मऊ आणि ओढली की साल सुटून आतला दोरा हातात येत असेल, मातीला डबक्यासारखा वास येत असेल, तर मूळकूज लागली आहे. तेवढी मुळं कात्रीने काढून टाका आणि कोरड्या, नव्या मातीत रोप बसवा. कूज फारच पसरली असेल तर मुळांचा नाद सोडा आणि वरच्या निरोगी शेंड्यांच्या काड्या करा. त्याबद्दल पुढे लिहितो.

मातीचं माझं माप साधं आहे: एक भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू किंवा परलाइट (भाजून फुलवलेले हलके पांढरे खडे), अर्धा भाग जुनं कंपोस्ट. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. मातीचा सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान कुठेही चालतो. कुंडी मातीची, भाजलेली, विना चकाकीची असली तर उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. २० ते २५ सेंटिमीटर रुंदी एका रोपाला पुरे. खाली भोक हवंच. बरेच जण भोकावर खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देतात आणि त्याने निचरा सुधारतो असं मानतात. मीही बरीच वर्षं देत होतो. प्रत्यक्षात बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वर, मातीच्या तळाशी अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकातून माती गळू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एक खापरी ठेवा, बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरा.

पाणी कधी द्यायचं याला वार ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला. आत कोरडं लागलं तर भरपूर द्या, इतकं की खालून वाहून जाईल, आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. ओलसर लागलं तर त्या दिवशी काही नाही. माझं पहिलं रोप मी या ताटलीपायीच मारलं. फरशी खराब होऊ नये म्हणून खोलगट ताटली ठेवली होती आणि ती कायम भरलेली असायची. रोप माना टाकायला लागलं तेव्हा मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी पाणी. गंमत अशी की तहानेलं आणि बुडालेलं रोप वरून एकसारखंच मलूल दिसतं. तेव्हापासून मान टाकलेली दिसली की आधी बोट मातीत, मग हातात झारी. सलग पावसाचे दिवस असतील तर कुंडी छपराखाली घ्या. या झाडाला थंडी सोसते, ओले पाय सोसत नाहीत.

उन्हाचं सांगायचं तर रोज सहा तास थेट ऊन ही किमान मागणी. खिडकीत तेवढं येत नसेल तर गच्चीवर किंवा बाहेरच्या कट्ट्यावर न्या, पण एकदम नको. आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या, नाहीतर पातळ पानं करपतात. बाहेर जागाच नसेल तर रोपांसाठीचा एलईडी दिवा १२ ते १४ तास लावून काम भागतं, मात्र उन्हातल्या पानाची सर त्याला येत नाही, हे माझं मत.

हातभर लांब फांद्या हे जोमाचं लक्षण नाही, उजेड शोधण्याचं लक्षण आहे. दोन पेरांमधलं अंतर बघा, नक्की जास्त असेल. छाटणी करा, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. पानांची जोडी जिथे देठाला चिकटते, त्याच्या किंचित वर कापा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून फुटवे येतात, म्हणजे एका शेंड्याचे दोन होतात. खाली लाकडासारख्या झालेल्या, बिनपानांच्या भागापर्यंत कापू नका. तिथून फूट येईलच असं नाही. पुढच्या वेळी रोप १० ते १५ सेंटिमीटरचं असतानाच शेंडे खुडायला लागा. तेव्हा खुडायला जीव होत नाही, हे मान्य. पण तेव्हा खुडलेलं रोप झुडपासारखं भरतं.

कापलेले शेंडे फेकू नका. ८ ते १० सेंटिमीटरच्या, कळ्या न आलेल्या काड्या निवडा, खालच्या निम्म्या भागाची पानं काढा आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. सावलीत, माती नुसती दमट ठेवून, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला की समजायचं. पाण्याच्या ग्लासातही मुळं येतात. रोपाचा वास एकदा आवडला की वाढवण्याचा माझा मार्ग हाच, कारण काडीतून आलेलं रोप आईसारखंच निघतं. बियांना मी फारसं विचारत नाही. त्या धुळीसारख्या बारीक, उगवायला उजेड लागतो म्हणून वर माती घालायची नाही, आणि इतकं करून वासाची खात्री नाही. तरी लावायच्याच असतील तर ओलसर मातीवर नुसत्या भुरभुरवा, फवाऱ्याने पाणी द्या. २० अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. तीनेक वर्षांनी झुडूप मधून लाकडी आणि पोकळ होतं. तेव्हा गड्ड्याचे तुकडे करून किंवा काड्या लावून पिढी बदलायची.

रोगकिडीचा त्रास कमी. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. कोरड्या, बंद खोलीत लाल कोळी येतो, पानावर फिकट टिपके आणि खाली बारीक जाळं दिसतं. त्यालाही पाणीच, पानांच्या खालून. पानाखाली नारिंगी-तपकिरी भुकटीचे फोड दिसले तर तो तांबेरा, त्या फांद्या तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. खायचं झाड आहे, औषधं मारायच्या फंदात पडू नका.

आता तोडणी. रोजच्या वापराला चार पानं केव्हाही तोडा. वाळवण्यासाठी मात्र कळ्या दिसू लागल्या आहेत पण उमललेल्या नाहीत, अशी वेळ गाठा. तेल तेव्हा भरात असतं. आदल्या संध्याकाळी रोपावर पाणी मारून धूळ घालवा, सकाळी दव सुकलं की, ऊन तापायच्या आत, फांद्या कापा. वाळवायच्या फांद्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, कारण तीच ओल पुढे काळपटपणा आणि बुरशी आणते.

पाच-सहा फांद्यांची लहान जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. जुडी जाड केली की मधली पानं कुबट होतात. एक ते दोन आठवडे लागतात. घाई करू नका. मी एकदा घाई केली. ओव्हन ‘मंद’वर ठेवून फांद्या आत सारल्या. वीस मिनिटांत सगळं घर ओरेगॅनोने दरवळलं, मी खूश. तो दरवळ म्हणजे पानांतून उडून चाललेलं तेल होतं, हे बरणी उघडल्यावर कळलं. आत नुसता पेंढा. यंत्रात वाळवायचंच असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. थेट उन्हातही नको, रंग आणि वास दोन्ही जातात. पान चुरचुरीत झालं, काडी वाकवल्यावर कट्कन मोडली, की झालं. काडीवरून उलट्या दिशेने बोटं ओढली की पानं अलगद सुटतात. ती अख्खीच बरणीत भरा, कुस्करू नका. कुस्करलं की ग्रंथी फुटल्या आणि वास उडायला लागला. पहिल्या आठवड्यात बरणीच्या काचेवर आतून बाष्प दिसलं तर पानं पुन्हा पसरा. गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर बरणी ठेवू नका, अंधाऱ्या कपाटात वर्षभर छान राहते.

घरी वाळवण्याचा आणखी एक फायदा, बरणीत काय आहे हे माहीत असतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली ‘विच?’ या ग्राहक नियतकालिकासाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ख्रिस इलियट यांनी बाजारातल्या वाळलेल्या ओरेगॅनोचे ७८ नमुने तपासले. जवळपास चौथाई नमुन्यांत ऑलिव्ह आणि मर्टल नावाच्या झुडपाच्या पानांची भेसळ निघाली. चुरा केलेल्या पानाचं हे असंच असतं, डोळ्यांना सगळं हिरवं.

वापराबद्दल. कोथिंबीर वाळवली तर त्यात काही उरत नाही, ओरेगॅनो मात्र वाळल्यावर अधिक चांगला लागतो. पाणी जातं, तेल बरंचसं मागे राहतं आणि ताज्या पानातला कडवट हिरवेपणा मवाळ होतो. हिशेब असा: ताजी पानं बारीक चिरून तीन चमचे, तर वाळलेली एक चमचा. वाळलेली पानं भांड्यावर दोन तळहातांत चोळून टाका. तो एक क्षण चुकवू नका, सगळा वास तिथेच सुटतो. ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून अर्धा किलो टोमॅटोच्या सॉसला छोटा एक चमचा वाळलेला ओरेगॅनो लसूण-तेलात, आच मंद असताना घाला आणि लगेच टोमॅटो ओता. जळला तर कडू होतो. ताजी पानं उलट शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. पिझ्झावर मी वाळलेला ओरेगॅनो चीजच्या खाली, सॉसमध्ये घालतो. वर भुरभुरला तर भट्टीच्या आचेत करपतो. ताजी पानं हवी असतील तर पिझ्झा बाहेर काढल्यावर.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ग्रीकांचा लादोलेमोनो: तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग लिंबाचा रस, मीठ, चोळलेला ओरेगॅनो, आणि बाटलीत घालून दुधाळ होईपर्यंत हलवायचं. भाजलेल्या बटाट्यावर, माशावर, उकडलेल्या घेवड्यावर, कशावरही ओता. जास्त ओरेगॅनो घातला की पदार्थाला औषधी वास मारतो, म्हणून पहिल्यांदा हात आखडता ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ताज्या फांद्या तेलाच्या बाटलीत बुडवून ओट्यावर शोभेला ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, ताज्या पानात ओल असते, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू अशाच जागी वाढून विष तयार करतो. तेलाला वास किंवा रंग बदलून काही कळत नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, किंवा चिरलेली पानं आणि तेल बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तशी वडी कढईत टाका. तसंच, ‘ओरेगॅनो ऑइल’ म्हणून पानांचा अर्क काढलेलं जे बाष्पतेल (इसेन्शियल ऑइल) मिळतं ते आणि तुमच्या कुंडीतली पानं एक नव्हेत. ते अतिशय तीव्र असतं, त्वचेला आणि तोंडाला भाजतं. सर्दीवर थेंब-थेंब घ्यायचे उपाय मी कुणाला सांगत नाही.

तर आज मुळं तपासा, माती बदला, फांद्या छाटा, चार काड्या लावून ठेवा आणि कुंडी हळूहळू उन्हात सरकवा. पाच-सहा आठवड्यांनी जो नवा फुटवा उन्हात वाढलाय, त्याचं पान चुरगळा, जुनं नको. तेव्हाही नाक काही बोललं नाही तर रोपच मवाळ जातीचं आहे. ते फुलांसाठी राहू द्या, मधमाशा त्यावर तुटून पडतात. आणि दुसरं आणायला जाल तेव्हा पाटी वाचण्याआधी मालकाला विचारून एक पान चुरगळून बघा.